८६ संगणकांवर लिब्रेऑफिस बसवायचंय : सेटिंग, मॅक्रो, मराठी फॉन्ट… जाणकारांनी वाट दाखवावी

निमशहरी | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत संगणक विभाग बघतो. विभाग म्हणजे मी, आणि प्रिंटरचं कार्ट्रिज भरायला येणारा एक पोरगा. मुख्य कचेरी धरून १२ शाखा, ८६ संगणक. बहुतेकांवर ऑफिस २०१६, थोड्यांवर २०१९. दोन्हींची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद. ऑडिटमध्ये तसा शेरा आला, तो मासिक सभेत वाचला गेला आणि चेअरमन साहेबांनी विचारलं, "ते फुकटातलं एक असतंय न्हवं?" चहा यायच्या आत ठराव झाला.

ते फुकटातलं म्हणजे लिब्रेऑफिस. त्याचं मला वावडं नाही, घरी सात-आठ वर्षं तेच वापरतो. पण घरी वापरणं वेगळं आणि बारा शाखांत बसवणं वेगळं, हे गेल्या आठवड्यात कळलं. पेनड्राइव्ह खिशात टाकून मोटरसायकलवर निघालो. चार दिवसांत १४ संगणक झाले आणि चौदाही चौदा तऱ्हेचे. एका ठिकाणी वर्डच्या डॉक्सएक्समध्ये सेव्ह करायचं सेटिंग करायला विसरलो, तर तिथून वरच्या कार्यालयाला ओडीटी (लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या प्रकारची) फाईल गेली आणि "उघडत नाही" म्हणून फोन आला. दुसरीकडे मराठी मजकुराखाली सगळीकडे लाल रेघा, पान नुसतं रक्तबंबाळ. लेटरहेड प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर वेगळं. आणि आमच्या मोठ्या बाई, म्हणजे वसुलीच्या हेडक्लार्क, म्हणतात की व्हाउचरवर अक्षरी रुपये आपोआप आले नाहीत तर जुनंच परत बसव.

तर एका झटक्यात सगळीकडे सारखं कसं बसवायचं? आणि बसवल्यावर कुणी बोटं घालून बदलणार नाही याची सोय काय? डोमेन (एका जागेवरून सगळे संगणक हाकायची सोय) फक्त मुख्य कचेरीत आहे, शाखांमध्ये साधा वर्कग्रूप, प्रत्येक संगणक आपापला. कर्जविभागाचे ६ संगणक मात्र एक्सेलवरच राहणार आहेत, तिथे जुने मॅक्रो (फाईलीतच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) आहेत.

फुकटफौजदार | सोमवार, रात्री ११:०४

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:५२

मोटरसायकल आधी स्टँडवर लावा.

लिब्रेऑफिसची विंडोजसाठीची फाईल साधी एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर फाईल) आहे, म्हणजे एमएसआयएक्झेक या विंडोजच्या आज्ञेला "/क्यूएन" देऊन गुपचूप बसते, एकही खिडकी उघडत नाही. त्याच ओळीत पुढे आपल्याला हवे ते गुणधर्म जोडायचे. तुमच्या कामाचे तीन सांगतो. एक, "यूआय_लँग्ज". यात इंग्रजी आणि मराठी एवढंच लिहिलं की जगभरच्या भाषांचा पसारा डिस्कवर येत नाही. दोन, "रजिस्टर_ऑल_एमएसओ_टाइप्स" बरोबर १, म्हणजे डॉक्सएक्स, एक्सएलएसएक्स वगैरे फाईलींवर दोनदा टिचकी मारली की लिब्रेऑफिस उघडतं. तीन, अपडेट तपासणीचा जो गुणधर्म आहे तो ०. नाहीतर एखाद्या शाखेत कुणीतरी "नवीन आवृत्ती उपलब्ध" वर टिचकी मारणार, मग पासवर्ड मागणार, मग तुम्हाला फोन.

लॉग लिहायची सोयही त्याच ओळीत आहे. ती लावाच. नाही बसलं तर का नाही बसलं ते फक्त तिथेच कळतं.

डोमेनवर ग्रूप पॉलिसीतून (सगळ्या संगणकांना एकदम हुकूम द्यायची विंडोजची सोय) ढकला. वर्कग्रूपवाल्या शाखांत एक बॅच फाईल (ओळीने आज्ञा लिहिलेली) करा आणि शाखेतल्या एखाद्या चुणचुणीत पोराला फोनवर "राइट क्लिक, रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" एवढंच शिकवा.

रात्रपाळी | सोमवार, रात्री १२:१५

सेटिंगचं लिहायचं राहिलं.

बरेच जण काय करतात, एका संगणकावर सगळं मनासारखं लावतात आणि अ‍ॅपडेटामधला लिब्रेऑफिसचा अख्खा "यूझर" फोल्डर उचलून बाकीच्यांवर चिकटवतात. करू नका. त्यात तुमच्या अलीकडच्या फाईलींची यादी जाते, तुमच्या खिडकीचा आकार जातो, तुमच्या नावाचे रस्ते जातात. त्यावर कडी म्हणजे नवा कर्मचारी त्याच मशीनवर वेगळ्या नावाने लॉगिन झाला की त्याला कोरी करकरीत प्रोफाईल मिळते, आणि तुमचं एकही सेटिंग तिथे नसतं.

लिब्रेऑफिसची सेटिंग थरांनी बसतात. सगळ्यात खाली प्रोग्रॅमबरोबर येणाऱ्या एक्ससीडी फाईली. त्यावर एक्स्टेन्शनमधून (वरून जोडायच्या पुरवणीतून) आलेली. सगळ्यात वर वापरकर्त्याची "रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स" नावाची एक्ससीयू फाईल. वरचा थर खालच्याला झाकतो. पण खालच्या थरात एखादी गोष्ट "फायनलाइज्ड" म्हणून लिहिली की वरच्याने कितीही आपटलं तरी ती बदलत नाही, आणि ऑप्शन्समध्ये ती खूण राखाडी होऊन बसते. बोटं घालणाऱ्यांची सोय ती हीच.

विंडोजवर हेच काम रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारातून, होतं. लोकल मशीनच्या सॉफ्टवेअर, पॉलिसीज, लिब्रेऑफिस या रस्त्याखाली सेटिंगच्या नावाची चावी करायची, तिच्यात "व्हॅल्यू" आणि "फायनल" अशा दोन नोंदी. फायनल बरोबर १ म्हणजे कुलूप. डोमेन नसलं तरी बिघडत नाही, रेग फाईल बनवून तुमच्या त्याच बॅचमध्ये आयात करा.

आता चावीचं नाव कुठून आणायचं? कोऱ्या प्रोफाईलमध्ये हवं ते एकच सेटिंग बदला, लिब्रेऑफिस बंद करा, आणि ती एक्ससीयू फाईल आधीची-नंतरची शेजारी ठेवून बघा. जी ओळ वाढली असेल ती तुमची. मी पाच-सहा वर्षं असंच करतोय, कागदपत्रं कधी वाचली नाहीत. (वाचायला हवीत, पण जाऊ दे.)

हिशेबी | मंगळवार, सकाळी ८:३०

सगळं छान. पण मुळात हा खटाटोप कशासाठी?

८६ परवान्यांचे पैसे वाचले असं चेअरमनना वाटतंय. तुमचे सहा महिने, कर्मचाऱ्यांचं शिक्षण, रोजच्या कुरबुरी, याचा हिशेब कुणी मांडलाय का? ऑफिस एलटीएससी २०२४ (मायक्रोसॉफ्टचं एकरकमी विकत मिळणारं ऑफिस) घ्या, एकदाच पैसे भरा, २०२९ च्या ऑक्टोबरपर्यंत चिंता नाही. बसवायचंही सोपं आहे. ऑफिस डिप्लॉयमेंट टूलला एक एक्सएमएल फाईल द्यायची, आधी डाउनलोड, मग कॉन्फिगर. जुनं एमएसआयवालं ऑफिस काढायची आज्ञाही त्यातच लिहिता येते. फक्त मराठीची एक गंमत आहे. तिथे मराठी अर्धवट भाषा मानली जाते, त्यामुळे फाईलमध्ये आधी इंग्रजी आणि तिच्या जोडीला मराठी अशीच लिहावी लागते.

म्युनिक महापालिकेचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. २००३ मध्ये ठरवलं, दहा वर्षं खपून १५ हजारांच्या आसपास संगणक लिनक्स आणि मुक्त ऑफिसवर नेले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला.

बोरीबंदर | मंगळवार, सकाळी ९:१२

हिशेबी, म्युनिकचं अर्धंच सांगताय. तिकडचंच श्लेसविग-होलश्टाइन राज्य २०२४ मध्ये ३० हजार संगणकांवर लिब्रेऑफिस आणायला निघालं. त्यांना म्युनिकचं माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

बाकी एवढ्या लांब जायचं कारण नाही. म्युनिकने ऑपरेटिंग सिस्टिमच बदलली होती. यांना फक्त ऑफिस बदलायचंय, खाली विंडोज तसंच राहणार.

हिशेबी | मंगळवार, सकाळी ९:२०

मान्य. पण कुरबुरींचा हिशेब अजून कुणी दिला नाही.

संपादक मंडळ | मंगळवार, सकाळी १०:०१

धाग्याचा काश्मीर करू नये ही विनंती. धागाकर्त्याने "कुठलं" विचारलेलं नाही, "कसं" विचारलंय.

अक्षरजुळणी | मंगळवार, दुपारी ३:४०

मी संगणकवाली नाही, पुण्यात बावीस वर्षं पुस्तकं-अहवाल लावते. पण लाल रेघांबद्दल वाचलं आणि राहवेना.

निमशहरी, तुमच्या पानावरच्या लाल रेघा चुकांच्या नाहीत. लिब्रेऑफिस तुमचं मराठी हिंदी समजून तपासतंय. ते लिपींचे तीन गट करतं : रोमनसारख्या पाश्चात्त्य, चिनी-जपानी, आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. देवनागरी या तिसऱ्यात. या तिसऱ्या गटाची भाषा आपल्याकडच्या संगणकांवर बहुतेक वेळा हिंदी असते. ऑप्शन्समध्ये लँग्वेजेस अँड लोकेल्स उघडा आणि तिथे मराठी करा. मराठीचा शब्दकोश नसला तरी निदान "आहे"ला "है" कर म्हणणारा पंतोजी उठून जाईल.

मात्र हे नव्या फाईलींपुरतं. भाषा प्रत्येक फाईलच्या शैलीत लिहिलेली असते, त्यामुळे जुन्या फाईली आणि तुमचं लेटरहेड हिंदीच राहणार. लेटरहेड नव्याने करा, जुनं उघडून दुरुस्त करत बसू नका.

लेटरहेड करताना दुसरी मेख. शैलीच्या खिडकीत फॉन्ट, आकार, ठळकपणा हे पाश्चात्त्य आणि कॉम्प्लेक्स दोघांसाठी वेगवेगळे असतात. नव्या माणसाचं हमखास चुकतं. तो वरच्या रकान्यात १४ आणि ठळक करतो, नमुन्यात इंग्रजी नाव बघून खूश होतो, आणि मराठी मथळा १२ मध्येच बारीक पडून राहतो. डॉक्सएक्समध्येही हे असंच दोन जागी साठवलं जातं, म्हणून वर्डमध्ये उघडलं तरी फरक तसाच दिसतो.

फॉन्टचं. मंगल वापरत असाल तर सावध. विंडोज १० पासून मंगल मुळात बसलेला नसतो, तो देवनागरीच्या पुरवणी फॉन्टांत गेला, वेगळा बसवावा लागतो. त्यामुळे एका संगणकावर मंगल, दुसऱ्यावर त्याच्या जागी आलेला निर्मला, आणि दोन पानांची नोटीस तिसऱ्या पानावर फक्त "आपला विश्वासू" घेऊन उतरते. मुक्त परवान्याचा एकच फॉन्ट ठरवा आणि सगळीकडे तोच बसवा. एक टाइपचा मुक्ता चांगला आहे. टिरो देवनागरी मराठी बघा, त्यात आपल्या मराठी वळणाचा ल आणि आपला श मिळतो, हिंदीतला नाही. आपल्या वळणाचा ल-श वापरावा असं शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही आहे. पतसंस्थेच्या नोटिशीवर मराठी ल दिसला तर सभासद कर्ज जास्त फेडतील असं नाही, पण बरं दिसतं.

पोफळी | मंगळवार, दुपारी ४:१५

ताई, दंडवत. आमच्या फोंड्याच्या शाळेत हा "आपला विश्वासू" तिसऱ्या पानावर दोन वर्षं येत होता. आम्ही प्रिंटर बदलला होता हो!

अक्षरजुळणी | मंगळवार, रात्री ९:३०

:) प्रिंटरवाल्याचं भलं झालं.

आता खरं दुखणं सांगते, जे तुम्हाला अजून दिसलेलं नाही, पण दिसेल. तुमच्या याद्यांमध्ये कऱ्हाडकर, कुऱ्हाडे अशी आडनावं असणारच. हा जो अर्धा र आहे तो दोन तऱ्हांनी टंकला जातो. कुणी खास मराठीसाठीचा ऱ वापरतो, युनिकोडमधला ०९३१, आणि त्याला हलंत जोडतो. कुणी साधा र, हलंत आणि मध्ये एक अदृश्य जोडणी अक्षर टाकतो. कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे. संगणकाला दोन वेगळी माणसं. शोधलं तर एकच सापडतं, व्हीलुकअप (एका यादीतलं नाव दुसरीत शोधणारं सूत्र) लावला तर निम्मे गायब. आणि ते अदृश्य अक्षर सीएसव्हीतून जाता-येता कुणी गाळलं की कऱ्हाडकरांच्या डोक्यावर रफार येतो आणि मधला ऱ्हा जातो.

तसंच ॲडव्होकेटचा ॲ. युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी लोक अ वर चंद्र देत, काही जण अजून देतात, काही मध्ये तेच अदृश्य अक्षर घालतात, आणि हिंदी कळफलकवाले चौथाच ऍ टंकतात. चार तऱ्हा, एकच वकील.

नवीन ऑफिस बसवताना याद्या एकदा चाळून एका तऱ्हेवर आणा. नंतर कुणी करत नाही.

परसदार | बुधवार, सकाळी ७:२०

अक्षरजुळणी यांचा प्रतिसाद छापून भिंतीला लावण्याजोगा आहे. हे चाळायचं काम मॅक्रोने मिनिटात होतं. लिब्रेऑफिसच्या शोधा-बदलामध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन चालतात आणि तिथे युनिकोडचा आकडा थेट लिहिता येतो. त्यामुळे अदृश्य अक्षरसुद्धा पकडता येतं.

आता मोठ्या बाईंचे अक्षरी रुपये. मी एका दूध संघासाठी हे केलंय. मराठीत शंभरापर्यंतचे आकडे नियमाने बनत नाहीत, त्यामुळे चलाखी करू नका, शून्य ते नव्याण्णव असे शंभर शब्द सरळ यादीत लिहून काढा. पुढचं सोपं : कोटी, लाख, हजार, शे. ती यादी लिहायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण एकोणऐंशी की एकोणऐशी यावरून कचेरीत दोन तट पडतात. मोठ्या बाईंकडूनच लिहून घ्या, म्हणजे नंतर तक्रार नाही.

लिब्रेऑफिसच्या बेसिकमध्ये (तिथली मॅक्रो लिहायची भाषा) देवनागरी शब्द सरळ अवतरणात लिहिता येतात. एक्सेलच्या व्हीबीएचा संपादक युनिकोड जाणत नाही, तिथे मराठी चिकटवलं की प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. मग शब्द एखाद्या लपवलेल्या शीटवर ठेवून तिथून उचलावे लागतात. हिशेबी, या एका कुरबुरीत तरी आम्ही पुढे.

फंक्शन पायथनमध्ये लिहायचा मोह होईल. पण पायथनचं मॅक्रो सेलमधून थेट हाकता येत नाही, बेसिकचं वेष्टन लागतं. एवढ्याशा कामाला बेसिकच बरं.

आणि ते "माझे मॅक्रो"मध्ये ठेवू नका. तुमच्या मशीनवर चालेल आणि शाखेत सेलमध्ये नुसतं "नाव?" अशी चूक दिसेल. एक्स्टेन्शन करा. ओएक्सटी म्हणजे दुसरं काही नाही, झिप फाईल आहे. आत बेसिकची लायब्ररी, लेटरहेडचे टेम्प्लेट, रात्रपाळी म्हणाले ती सेटिंगची एक्ससीयू, वर्णनाची एक फाईल आणि कशात काय आहे ते सांगणारी एक मॅनिफेस्ट. सगळं एका गाठोड्यात. मग यूएनओपीकेजी या आज्ञेला "शेअर्ड" सांगून बसवा, म्हणजे त्या संगणकावर कुणीही लॉगिन झालं तरी त्याला मिळेल. पुढच्या वर्षी पत्ता बदलला तर नवा ओएक्सटी, नवा क्रमांक, परत तीच बॅच.

बसवताना लिब्रेऑफिस पूर्ण बंद हवं आणि अधिकार अ‍ॅडमिनचे हवेत. ट्रेमध्ये लपून बसलेला क्विकस्टार्टरही बंद करा. इथेच निम्मे लोक अडकतात.

एक बारीक गोष्ट : असं फंक्शन असलेली फाईल बाहेर पाठवायची असेल तर पीडीएफ करून पाठवा. ज्याच्याकडे तुमचं गाठोडं नाही त्याच्याकडे हिशेब पुन्हा झाला की रुपये अक्षरी राहत नाहीत.

हिशेबी | बुधवार, सकाळी ९:०५

लाख-कोटीचा स्वल्पविराम? एक्सेलमध्ये विंडोजचा प्रदेश भारत केला की येतो.

परसदार | बुधवार, सकाळी ९:४०

येतो, पण फाईल दुसऱ्या प्रदेशाच्या मशीनवर गेली की मिलियनमध्ये जातो. लोक मग अटी घातलेला लांबलचक फॉरमॅट लिहितात, आणि तोही उणे आकड्याला गडबडतो. कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसचं एक्सेल) फॉरमॅटमध्येच #,##,## आणि शेवटी शून्य लिहिलं की पुढचे गट ते स्वतःच दोन-दोनचे पाडतं. उणेसुद्धा.

पोफळी | बुधवार, दुपारी १:५०

माझे दोन पैसे. शाळेत दाखले, गुणपत्रकं ढिगाने पीडीएफ करायला आम्ही लिब्रेऑफिस पडद्याविना चालवतो. "हेडलेस" आणि "कन्व्हर्ट टू पीडीएफ" सांगायचं, अख्खं फोल्डर चहा होईपर्यंत तयार. पण त्याच संगणकावर कुणी लिब्रेऑफिस उघडून ठेवलेलं असेल तर आज्ञा निमूट संपते. ना चूक, ना पीडीएफ. मी एक पूर्ण शनिवार घालवलाय यात. उपाय असा की आज्ञेतच वेगळ्या प्रोफाईलचा रस्ता द्यायचा, "यूझरइन्स्टॉलेशन" नावाने. मग दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

न्यूजर्सीतून | बुधवार, रात्री ११:३० (तुमच्याकडे गुरुवार)

उरलेल्या ६ एक्सेलवाल्यांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, माझं पोट ऑफिसच्या अ‍ॅड-इनवरच चालतं.

तिथे नवं ऑफिस टाकाल तेव्हा आता ६४ बिटचं येतं. तुमचे मॅक्रो ३२ बिटच्या काळातले असतील आणि विंडोजची फंक्शनं थेट बोलावत असतील, तर "डिक्लेअर"च्या ओळींत पीटीआर-सेफ घालावं लागेल, आणि हँडल साठवणारे लाँग बदलावे लागतील. अ‍ॅक्सेसच्या फाईलीतून माहिती ओढत असाल तर त्याचा ड्रायव्हरही त्याच बिटांचा हवा.

दुसरं, २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाईलीतले मॅक्रो ऑफिस सरळ अडवतं, "चालू करा" हे बटणच देत नाही. इथे गोम अशी की सर्व्हरवरचं फोल्डर तुम्ही आयपी पत्त्याने उघडत असाल तर विंडोज तेही इंटरनेटच समजतं. तो पत्ता लोकल इंट्रानेटच्या यादीत घाला, किंवा फोल्डर विश्वासू जागा म्हणून पॉलिसीतून जाहीर करा. प्रत्येक फाईलवर राइट क्लिक करून "अनब्लॉक" करायला लोकांना शिकवू नका, एकदा शिकले की ते सगळ्याच फाईलींना करतात.

निमशहरी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६:१०

मंडळी, उशीर झाला, पण करून दाखवल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

८० पैकी ७७ झाले. मुख्य कचेरीचे ३१ ग्रूप पॉलिसीतून एका रात्रीत, सकाळी येऊन बघतो तर सगळे तयार. शाखांचे बॅच फाईलने. परसदार म्हणाले तसं गाठोडं केलं : लेटरहेड, नोटिशीचे चार नमुने, अक्षरी रुपये. डॉक्सएक्स आणि एक्सएलएसएक्सला कुलूप घातलं. फॉन्ट टिरो ठेवला. मोठ्या बाईंनी पहिली नोटीस हातात घेतली, ल कडे बघितलं आणि म्हणाल्या, "हा आमच्या शाळेतला ल आहे." शंभर शब्दांची यादी त्यांनीच लिहून दिली. शाखाधिकाऱ्यांना त्यातले तीन शब्द पटलेले नाहीत, पण बोलायची कुणाची छाती झाली नाही.

आता माझा गाढवपणा. ती एमएसओ टाइप्सची ओळ असलेली पॉलिसी मी अख्ख्या कचेरीला लावली. कर्जविभागाचे सहा वगळायचे राहिले. सकाळी साडेदहाला तिथली एक्सेलची फाईल कॅल्कमध्ये उघडली, व्याजाचं बटण दाबलं की बेसिकची चूक. सहा माणसं उभी राहून माझ्याकडे बघतायत. फाईलींना काही झालं नाही, बॅकअप होता, पण त्या दिवशी दुपारचं जेवण गळ्याखाली उतरलं नाही. आता त्या सहा जणांचा गट वेगळा केलाय.

न्यूजर्सीतून यांचं आयपी पत्त्याचं जसंच्या तसं निघालं. फोल्डर आम्ही आकड्यांनीच उघडत होतो.

हिशेबी, कुरबुरींचा हिशेब तुमच्यासाठी वहीत लिहून ठेवला. तीन आठवड्यांत ११३ फोन. त्यातले ६० पहिल्या चार दिवसांत, "प्रिंटचं बटण कुठं गेलं" या धर्तीचे. शेवटच्या आठवड्यात ९.

आणि अक्षरजुळणी ताई, तुमचे कऱ्हाडकर. सभासद यादीवर मॅक्रो चालवलं. ऱ एका तऱ्हेवर आणल्यावर १७ सभासद यादीत दोनदा निघाले. खातं एकच, नाव दोन तऱ्हांचं. त्या सतरा घरांत वार्षिक सभेची नोटीस दरवर्षी दोनदा जात होती. त्यातले एक आजोबा दोन्ही नोटिसा घेऊन सभेला यायचे आणि दोन भेटवस्तू न्यायचे, हे शिपायाला माहीत होतं, मला नव्हतं.

अक्षरजुळणी | रविवार, रात्री ८:०२

आजोबांची दुसरी भेटवस्तू माझ्यामुळे गेली, आता पाप कुठे फेडू!

हिशेबी | रविवार, रात्री ८:४०

११३ गुणिले सरासरी सात मिनिटं धरली तर तेरा तास. हम्म. बरं, तुमचं पटलं असं म्हणत नाही, पण वही ठेवलीत हे आवडलं.

निमशहरी | सोमवार, सकाळी ११:२५

एक नवीन निघालंय. यादी नावाप्रमाणे लावली तर क्षीरसागर मंडळी "क" मध्ये कदमांच्या पुढेमागे येतायत. मोठ्या बाई म्हणतात क्ष शेवटी, ज्ञ च्या आधी, आणि यादी तशीच हवी.

परसदार | सोमवार, सकाळी ११:५०

बाईंचंच बरोबर आहे. डेटा, सॉर्ट, आणि त्यातला ऑप्शन्सचा टॅब. तिथे भाषा निवडायची जागा आहे, मराठी करून बघा. जमलं का ते सांगा. नाही जमलं तर शेजारी क्रमाचा एक रकाना मॅक्रोने भरून देतो.

निमशहरी | सोमवार, दुपारी १२:१०

उद्या बघतो. यादी ज्या शाखेत आहे तिथे सकाळपासून लाईट नाही.